मार्कर

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
माझा बाप बिलियर्ड्सचा मार्कर होता.
सुपडू मार्कर.
खेळायचे ते ड्रायव्हर, गार्ड, लोको फोरमन;
बापाने भिंतीवरच्या पाटीवर
पितळी काटा सरकवायचा
आणि आकडा पुकारायचा, मोठ्याने.
आकड्यापुढे एक शब्द बोलायचा नाही,
अशी नोकरी.

शब्द त्यांचे होते.
बाप ते खडूच्या निळ्या भुकटीसारखे
बाहीवर घेऊन घरी यायचा
आणि मे महिन्यात, रात्री,
अंगणात पाणी मारून खाटा टाकल्या
की एकेक झटकायचा.

जॅमी म्हणजे नशिबाने जिंकलेला,
कावळा बसला अन् फांदी मोडली.
हँड्स डाउन म्हणजे हात खाली सोडून,
कपाळाला घाम न येता.
होम अँड ड्राय म्हणजे जिंकून
कोरड्या अंगाने घरी पोचलेला.
इथे आई हसायची :
"आपल्या गावात तं हारलेलाबी
कोरडाच येतो घरी."

बेकन घरी आणणे, याचा अर्थ त्याने
वांग्याचं भरीत घरी आणणे असा सांगितला;
खरा सांगितला असता
तर तिने चूल धुऊन काढली असती.

बॉब्ज युअर अंकलपाशी तो स्वतःच अडला.
बॉब तुझा काका.
बरं, मग?
मग काय, झालं काम.
आई म्हणाली, हे तं आपलंच,
काका असला की सगळं होते.

"पण यायले जिकाले एवढे शब्द लागतात व्हय?"
"लागतात. रोज कोणीतरी जिंकतं तिथं."
"अन् हारल्यावर?"
"हारल्यावर एकच.
टेबल वाकडं आहे."

गार्ड ऑब्री मेंडिस
महिनाअखेरीला चार आण्यांऐवजी शब्द द्यायचा.
त्यानेच दिला पुक्का.
बाप दोन दिवस तो तोंडात घोळवत राहिला.
हा तर आपला पक्का!
बोटीत बसून गेला
अन् टोपी घालून परत आला,
ओळखच देईना.

मी तिकीट तपासनीस झाले त्या दिवशी
बाप यादीसमोर उभा राहून
माझ्या नंबरवर बोट ठेवून होता.
तोंडातून काही निघेना.
शेवटी त्याने नंबर पुकारला,
एकशे बेचाळीस,
अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असा.

टेबल लिलावात गेलं तेव्हा
तो रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती.
यावलचा एक व्यापारी
हिरव्या बनातीखालच्या दगडी लाद्यांसाठी आला होता,
धोबीघाटाला चालतील म्हणत होता.
हमाल चहाला गेले.
बापाने भिंतीवरची काठी उतरवली.
एकतीस वर्षं ती दुसऱ्यांना पुसून दिलेली.
टोकाला खडू लावला, वाकला,
एक डोळा मिटला. गुडघा वाजला.

पांढरा गेला, लालला लागला,
लाल कडेला टेकून
इतक्या हळू निघाला की मला वाटलं
वाटेत विचार बदलेल.
मग खळग्यात उतरला,
आणि खालची जाळी फाटकी असल्याने
थेट फरशीवर पडून
बाकाखाली गडगडत गेला.

मी वाट बघत होते.
सगळे शब्द होते त्याच्याकडे,
लंडनपासून लिंपस क्लबपर्यंतचे.
तो भिंतीकडे गेला.
पितळी काटा गंजून बसला होता,
थुंकी लावून त्याने तो हलवला,
आणि रिकाम्या हॉलला सांगितलं :
"तीन."

परत येताना फाटकात थांबलो,
केळीच्या वॅगन्स संपता संपेनात.
त्या आवाजात त्याने विचारलं,
"जॅमी होता का गं?"

"पुक्का," मी म्हटलं.

तो हं म्हणाला.
बाहीवर निळं लागलं होतं.
घरापर्यंत त्याने ते झटकलं नाही.